भाऱ्याला वाट

कोर्टात माझं टेबल खिडकीला लागून आहे. नक्कल विभागाला खिडकी मिळणं ही आमच्या महाडात साधी गोष्ट नव्हे. ती मी अर्जावर अर्ज करून मिळवली आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीवरच्या दोन पाण्याच्या टाक्या दिसतात आणि त्यांच्या मधून डोंगराची एक चिंचोळी पट्टी. पावसाळाभर ती ढगात असते. नवरात्रात हिरवी असते. आणि दिवाळीचे कंदील उतरले की एका सकाळी बघावं तर पिवळी पडलेली. म्हणजे गवत पिकलं. त्या दिवसापासून महिनाभर मला नकला तपासताना मध्येच वाळत्या गवताचा वास येतो. खिडकी बंद असली तरी येतो. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणतात, एकदा नाक तपासून घ्या. मी म्हणते, नाक ठणठणीत आहे, आठवण जरा जास्तच ठणठणीत आहे.

यंदा वास आला आणि त्याच दुपारी मोबाइलवर एक निरोपही आला. आम्ही काही हौशी माणसं इंटरनेटवरच्या एका खुल्या नकाशात आपल्या भागातल्या वाटा, विहिरी, साकव भरत असतो. कुणीही भरावं, कुणीही दुरुस्त करावं, पगार कुणालाच नाही, वाद मात्र सगळ्यांना, असा तो कारभार. कुठल्याशा शहरातल्या अनोळखी माणसानं लिहिलं होतं की कुडपणखालची ही वाट तुम्ही फक्त पायी चालणाऱ्यांची का दाखवली आहे? सायकल जाऊ शकेल एवढी ती रुंद दिसते. वाट सर्वांची असते. मी बदल करतो आहे.

वाचून मला हसू आलं. त्यातलं 'वाट सर्वांची असते' हे वाक्य माझंच होतं. तीन वर्षांपूर्वी, याच गवताच्या दिवसांत, कदम सरांच्या ओटीवर बसून मी ते जसंच्या तसं म्हटलं होतं, आणि वर टेबलावर हातही आपटला होता.

कदम सर म्हणजे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. पुराच्या वर्षी बाहेरून मदतीला आलेल्या माणसांना आमच्या गल्ल्या कळेनात, बोट कुठून वळवायची ते कळेना, तेव्हा सरांनी पाटीवर नकाशे काढून दिले होते. पाणी ओसरल्यावर ते म्हणाले, पाटी पुसली जाते, हे कुठंतरी टिकायला हवं. तिथून आमची नकाशाची खटपट सुरू झाली. रविवारी सकाळी सरांच्या ओटीवर लॅपटॉप, काकूंचे कांदेपोहे आणि आम्ही तिघं: सर, मी आणि प्रतीक. प्रतीक इथल्या औद्योगिक वसाहतीत इंजिनिअर. आठवडाभर कारखान्यात आणि रविवारी सायकलवर. कुठल्याही उताराकडे तो भुकेलेल्या माणसासारखा बघतो.

बाहेरच्याला वाटतं, नकाशा म्हणजे रेघ ओढली की झालं. रेघ सोपी असते. रेघेला काय म्हणायचं, यात खरी मारामारी असते. ही वाट पायी चालणाऱ्यांची, सायकलींची, की दोघांची सामाईक? या खुणा ज्या देशांत ठरल्या तिथं सामाईक वाट म्हणजे गुळगुळीत, सपाट, मधोमध पांढरी रेघ ओढलेली काहीतरी असते. आमच्याकडे कुडपणच्या सड्यावरून, म्हणजे माथ्यावरच्या माळावरून, खालच्या वाडीपर्यंत उतरते ती पाखाडी. निम्म्या भागात दगडी पायऱ्या, निम्म्या भागात तांबडी माती, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला सरळ घळ. मधूनमधून छातीएवढ्या उंचीचे उभे दगड, डोक्यावरचं ओझं कुणाच्या मदतीशिवाय टेकता यावं म्हणून जुन्या माणसांनी रोवलेले. हिला काय म्हणायचं, हे आम्हाला त्या रविवारी ठरवायचं होतं. ते ठरवणं नुसतं कागदोपत्री नव्हतं. प्रतीकच्या सायकल मंडळाची मोठी सफर मार्गशीर्षातल्या पहिल्या रविवारी होती. घाटरस्त्यानं वर चढायचं आणि पाखाडीनं खाली उतरायचं. नकाशात वाट सामाईक झाली तर तीसेक सायकली तिथून येणार होत्या, आणि एकदा आल्या की दर वर्षी येणार होत्या.

वाट मोजायला आम्ही आधीच जाऊन आलो होतो. तिथं एक गंमत झाली, ती आम्हाला नंतर कळली. नकाशावाले येणार म्हणून वाडीनं घरटी एक माणूस काढून वाट साफ केली होती. दर वर्षी करतात, पण एका माणसापुरती. त्या वर्षी पाहुणे येणार म्हणून हौसेनं दोन्ही अंगांचं गवत, झुडपं, काटेकुटे सगळं कापून वाट बैलगाडी जाईल एवढी मोकळी केली. आम्ही टेप लावून ती रुंदी इमानेइतबारे लिहून घेतली. पाहुणचाराला आम्ही रस्ता समजलो.

त्या दिवशी वाडीतल्या बापूरावांनी आम्हाला चहा दिला. सत्तरीच्या पुढचे, धोतर, हातात काठी, गावकीत ज्यांच्या शब्दाला वजन असे गृहस्थ. माझ्या बुटांच्या निळ्या नाड्यांकडे एकदा बघितलं आणि आम्हाला एकेक करून नाव विचारलं. मी नुसतं सुजाता म्हटल्यावर विचारलं, "आडनाव?" मी सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि चहाच्या कपाकडे बघत राहिले. चहा सगळ्यांना सारख्याच कपांतून आला, खोटं कशाला बोलू. पण त्या "बरं"च्या आधी जे एवढंसं थबकणं असतं ना, ते ऐकायला आमचे कान जन्मापासून तयार असतात. ज्या गावात एका तळ्याच्या पाण्यावरून इतिहास घडला, तिथल्या आमच्या घरांत ते थबकणं लहान मुलांनाही कळतं.

माझे बाबा शाळेत शिपाई होते. त्यांचं लहानपण पोलादपूरकडच्या एका खेड्यात गेलं. समोरून कुणी वरच्या आळीतलं आलं की यांनी वाटेवरून खाली शेतात उतरायचं, चिखल असला तरी. डोक्यावर भाताचं पोतं असलं तरी उतरायचं. ते गेले की पोत्यासकट पुन्हा वर चढायचं. हे त्यांनी मला रागानं कधी सांगितलं नाही. पण मी पहिल्यांदा एकटी शाळेत निघाले तेव्हा दप्तराचा पट्टा नीट करत म्हणाले होते, "समोरून कोणी बी येव दे. अर्धी वाट आपली हाय. ती सोडायची नाय." मी ती आजवर कुठंच सोडलेली नाही. बँकेच्या रांगेत नाही, एसटीच्या दारात नाही, साहेबांच्या केबिनमध्ये तर नाहीच नाही.

तर अशी मी, आणि सर म्हणाले, "ही वाट पायी चालणाऱ्यांचीच ठेवू या. सायकलवाले आले तर त्यांनी बाजूला व्हावं." बाजूला व्हावं, हे शब्द ऐकले आणि माझं डोकं फिरलं. कुणी कुणासाठी बाजूला व्हायचं हे ठरवणारे तुम्ही कोण, वाट सर्वांची असते, सगळे सारखे, अर्धी ह्याची अर्धी त्याची. मी कोर्टात रोज युक्तिवाद ऐकते, करायला मिळत नाहीत. त्या दिवशी सगळी कसर भरून काढली. प्रतीक खूश झाला. सर चष्मा पुसत म्हणाले, "सुजाताताई, तुम्ही चूक आहात असं मला वाटतंय, पण का ते सांगता येत नाही." सांगता येत नसेल तर मत बाद, असं मी जाहीर केलं. दोन विरुद्ध एक. वाट सामाईक झाली. रुंदी, आम्ही मोजलेली. घरी येताना मला वाटत होतं, बाबा असते तर पाठ थोपटली असती.

त्या वर्षीचं गवत मला अजून दिसतं. हौसाबाईंचं रान पाखाडीच्या वरच्या टप्प्याला होतं. पन्नाशी ओलांडलेली, काटक, बोलायला फटकळ बाई. घरात दोन म्हशी, एक गाय, आणि माणूस म्हणाल तर ती एकटी. मुलगा मुंबईत, नवरा कधीच गेलेला. पहिला पाऊस पडेपर्यंत गुरांना पुरेल एवढं गवत तिला याच दिवसांत खाली आणून गंजी रचायची असते. दिवसाला चार भारे, महिनाभर. विळ्याचा चर्रचर्र आवाज, कापल्या दांड्यांचा गोडसर वास, हातांवर बारीक ओरखडे, आणि दुपारचं ऊन असं की सावलीत बसलं तर थंडी वाजते आणि उन्हात बसलं तर चटका बसतो. सफरीच्या आठ दिवस आधीच्या शनिवारी मी स्कूटर खाली लावून एकटीच वर चढले, ते ओझं टेकायच्या दगडांचे फोटो काढायला. नकाशात ते कुणीच दाखवत नाही, मी दाखवणार होते.

दुसऱ्या दगडाच्या वर, जिथं वाट सगळ्यात अरुंद आहे, तिथं समोरून गवताचा एक ढीग चालत आला. खाली दोन पाय, बाकी सगळं गवत. तोवर कडेची झुडपंही पुन्हा फुटली होती आणि आमची बैलगाडीची रुंदी कुठल्या कुठे गेली होती. मी वाट दिली. म्हणजे माझ्या हिशेबानं दिली. बरोबर अर्धी. घळीच्या बाजूला मी उभी राहिले आणि डोंगराच्या बाजूची अर्धी हौसाबाईंना ठेवली. उलट सुरक्षित बाजू तिला दिली म्हणून मनात जरा बरंही वाटलं.

भारा माणसाच्या दुप्पट रुंद असतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं वेगळं. भाऱ्याची डोंगराकडची कड मातीच्या भिंतीला घासली, भारा फिरला, त्याबरोबर मान फिरली, आणि हौसाबाई माझ्या बाजूला कलंडली. मी तिला धरलं. ती वाचली. भारा घळीत गेला. बंध सुटून गवत उतारावर पसरत खाली खाली जाताना आम्ही दोघी बघत राहिलो. सकाळपासूनची कापणी होती ती.

मी घाईघाईनं म्हणाले, मावशी, मी अर्धी वाट सोडली होती. ती खाली बसली, डोक्यावरची चुंबळ काढून हातात घेतली आणि मान चोळत म्हणाली, "तुझी अर्धी तुला मिळाली गो. माझ्या भाऱ्याची अर्धी कुठं हाय?"

ती रागावली नव्हती. मग तिनंच मला समजावलं, एखाद्या पोरीला समजवावं तसं. भारा नेहमी घळीच्या अंगानं जातो, कारण तिकडं अडायला काही नसतं. रिकाम्या माणसानं डोंगराला पाठ लावून चिकटून उभं राहायचं आणि सगळी वाट सोडायची. गवत डोळ्यांवर येतं, पुढची दोन पावलं दिसतात तेवढीच. गवत कानाशी सळसळतं, हाक ऐकू येत नाही. म्हणून ओरडायचंही नाही, आपणच बघून उभं राहायचं. कुणासाठी? मी विचारलं. सून, सासू, गावकीतला माणूस, परका, सगळ्यांसाठी? तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, "भाऱ्यासाठी. खाली कोण हाय ते कशाला बघायचं?"

परतीच्या वाटेवर स्कूटर चालवताना मला रडू आलं. तिच्या मानेसाठी आलं, गवतासाठी आलं, आणि बाबांसाठीही आलं. डोक्यावर पोतं असताना त्यांना शेतात उतरवणाऱ्यांना हा नियम माहीत नव्हता असं थोडंच आहे? माहीत होता. फक्त बाबांच्या डोक्यावरचं पोतं त्यांनी ओझ्यात धरलं नव्हतं. आणि मी? मी कुणाला खाली उतरवलं नव्हतं, पण हौसाबाईच्या डोक्यावरचं मीही मोजलं नव्हतं. सारखी वाटणी करायच्या नादात कोण रिकामं आणि कोण भरलेलं, हे बघायचंच राहिलं.

रात्रीपर्यंत थांबणं माझ्या स्वभावात नाही. संध्याकाळीच सरांकडे गेले आणि प्रतीकला बोलावून घेतलं. म्हटलं, माझं मत मी मागे घेते. सर म्हणाले, "स्वतःच्या निकालावर स्वतःच अपील करणाऱ्या तुम्हीच पहिल्या." पण प्रतीक हटेना. माणसं रजा काढून येणार आहेत, रस्ता सगळ्यांना कळवून झालाय, आणि ताई, आम्ही घंटी वाजवू ना. मी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्याला सायकलसकट वाडीत घेऊन गेले, हौसाबाईंना विनंती केली आणि तिनं त्याच्या डोक्यावर एक भारा चढवला. चुंबळ कशी ठेवायची हे सांगताना ती इतकी हसत होती की तिलाच धाप लागली. प्रतीक अंगणात दहा पावलं चालला. मी मागून त्याच्याच सायकलची घंटी वाजवली.

तो म्हणाला, "वाजवा की ताई."

"तीनदा वाजवली," मी म्हणाले.

भारा उतरवल्यावर तो बराच वेळ मान वाकडी करून उभा होता. मग तिथूनच त्यानं एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. त्या संध्याकाळी आम्ही वाटेची खूण बदलली: पायी चालणाऱ्यांची, सायकलवरून उतरून, ती उचलून. रुंदी पुन्हा मोजून लिहिली. दगडही नकाशात दाखवले. त्यांना साजेशी खूण कुठंच सापडली नाही, म्हणून शेवटी सरळ मराठीत लिहिलं, ओझं टेकायचा दगड.

मी हौसाबाईंना शब्द दिला होता की घळीत गेलेल्या भाऱ्याच्या बदल्यात एक भारा मी खाली नेईन. ती म्हणाली, राहू दे, तुझ्यानं व्हायचं नाय. हे वाक्य मला कुणी ऐकवलं की ते काम झालंच म्हणून समजावं. सफरीच्याच रविवारी मी वर गेले. तिनं नेहमीच्या निम्म्या मापाचा भारा बांधला, वर हसून म्हणाली, शिकाऊ माणसाचा हाय. तेवढ्यात सड्यावरून सायकली आल्या. प्रतीक सगळ्यांत पुढे, सायकल खांद्यावर, घामाघूम. मागे एकामागून एक तशीच माणसं. हौसाबाई तेव्हा रिकामी होती. ती लगेच डोंगराला पाठ लावून उभी राहिली, तीसच्या तीस सायकली जाईपर्यंत. मी म्हटलं, मावशी, त्यांना कशाला वाट देता? ती म्हणाली, "ओझं हाय त्यांच्यावर."

यंदाच्या त्या अनोळखी माणसाला मी हेच सगळं लिहिणार होते. लिहायला बसले आणि लांबत गेलं, तेव्हा खोडून चारच ओळी ठेवल्या. वाट सर्वांची असते हे मान्य. तुम्हाला दिसली ती रुंदी पावसानंतरच्या सफाईची आहे. या महिन्यात तिथं डोक्यावर गवत घेतलेल्या बायका असतात, त्यांना दिसत नाही आणि ऐकू येत नाही. एकदा या, सायकल उचलून चाला, मग बदल करायचा की नाही ते आपण ठरवू. त्यानं उत्तर दिलं की येतो. येईल, न येईल. खूण तूर्त तशीच आहे, आणि मी जागी आहे.

पण त्याला न लिहिलेली एक गोष्ट आहे. सायकली खाली गेल्या आणि हौसाबाईंनी माझ्या डोक्यावर तो निम्म्या मापाचा भारा ठेवला. निम्मा म्हणे! मान खांद्यांत गेली. जग नाहीसं झालं. उरली ती पिवळी झालर, कानांशी सळसळ आणि पायांपुढची दोन पावलं माती. पायरी, माती, पायरी. घळीच्या अंगानं, घळीच्या अंगानं, असं मी स्वतःला बजावत होते. दुसऱ्या दगडाच्या वर, त्याच अरुंद जागी, मातीत एक काठीचं टोक दिसलं. मग धोतराची किनार. मग जुन्या कातडी वहाणांतले दोन म्हातारे पाय. मी थांबले. बाबांनी शिकवलेलं सगळं अंगात उभं राहिलं.

त्या वहाणा हलल्या. एक पाऊल मागं, दुसरं मागं, टाचा डोंगराच्या मातीला टेकेपर्यंत. काठीसुद्धा आत ओढली गेली. गवत असल्यामुळे चेहऱ्याचा प्रश्न नव्हता, त्यांना माझा दिसत नव्हता आणि मला त्यांचा. वाटलं, कोण आहे हे कळलं असतं तर? आणि तेवढ्यात, मी अगदी जवळ आल्यावर, सळसळीतूनही ऐकू यावं म्हणून मुद्दाम मोठ्यानं बापूराव म्हणाले, "सावकाश ये गो, सुजाताबाय. त्या निळ्या नाड्यांच्या बुटांवरून वळखलं मी."

बोललं की मान हलते, आणि भारा डोक्यावर असताना मान हलवायची नसते. मी सगळ्या वाटेनं चालत खाली आले.